वाईट बातमी कोण सांगणार?

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मला कुणी वाईट बातमी सांगितलीच नाही. कारखान्यात सगळं आलबेल होतं म्हणून नव्हे. ग्राहकाकडून माल परत येत होता, मशिनं बंद पडत होती, कंत्राटी मुलं महिना-दोन महिन्यांत काम सोडून जात होती. पण हे माझ्या टेबलापर्यंत पोचेतो त्याची धार गेलेली असायची. "थोडा इश्यू होता मॅडम, क्लोज केलाय." एवढ्या एका वाक्यात किती जणांची झोप आणि किती जणांची बोलणी मुरलेली असतील याचा मला अंदाज यायचा, कारण मी त्याच शॉप फ्लोअरवरून वर आले होते. पण अंदाज येणं वेगळं आणि माणसाने समोर उभं राहून सांगणं वेगळं.

गाड्यांचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी. भोसरीतल्या जुन्या कारखान्यात क्वालिटीला इंजिनिअर म्हणून लागले आणि बाहेर पडले तेव्हा चाकणसकट तीन कारखान्यांचं ऑपरेशन्स माझ्याकडे होतं. राजीनामा देऊन आता वर्ष उलटून गेलंय. या काळात नेतृत्वाबद्दल जितका विचार केला तितका खुर्चीवर असताना करायला उसंतच नव्हती. तेव्हा नेतृत्वावरची शिबिरं व्हायची, मुळशीच्या रिसॉर्टमध्ये दोन दिवस बसून आपापला 'पर्पज' रंगीत चिठ्ठीवर लिहायचा असायचा. मी त्या चिठ्ठ्या मनापासून लिहिल्या. पण आज त्यांच्यातलं काही आठवत नाही. आठवतात ती माणसं, ज्यांनी मला नको असलेली गोष्ट तोंडावर सांगितली.

त्यातले पहिले अण्णा. सगळा कारखाना त्यांना अण्णाच म्हणायचा. सेंटरलेस ग्राइंडिंगवर, म्हणजे शाफ्ट फिरत्या चाकाने घासून गोल करणाऱ्या मशीनवर, सेटर (मशीन जुळवून देणारे) होते, बहुतेक रात्रपाळीला. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ६६ नुसार तेव्हा बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात काम करता येत नसे. त्यामुळे रात्रपाळी हा माझ्यासाठी न पाहिलेला मुलूख होता. सकाळी येऊन रजिस्टर वाचायचं आणि रात्री काय झालं असेल ते त्यावरून ताडायचं.

एका सकाळी सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या सपाट पाटावर, तीन शाफ्ट उभे करून ठेवलेले दिसले. प्रत्येकावर मार्करने वेळ घातलेली. पाळी सुटून गेली होती, कंपनीची बस गेटवर उभी होती आणि अण्णा डबा हातात धरून माझी वाट बघत थांबले होते.

"मॅडम, हे तीन जॉब मी बाजूला काढलेत. मोजलेत तर पास होतील. पण पास करू नका."

मी मायक्रोमीटर लावला. व्यास बरोबर. फिरवून दुसऱ्या ठिकाणी लावला, तरी बरोबर. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी व्ही-ब्लॉक, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा, पुढे ओढला, शाफ्ट त्यावर ठेवला, वरून सुईचा डायल टेकवला आणि जॉब बोटांनी हळूहळू फिरवायला लागले. सुई एकदा वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. एका फेरीत तीनदा.

सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये हे होतं. जॉब तीन बाजूंना किंचित फुगतो, गोल दिसतो पण गोल नसतो. मायक्रोमीटर समोरासमोरच्या दोन बिंदूंमधलं अंतर मोजतो, आणि अशा आकारात ते अंतर सगळीकडे जवळपास सारखंच भरतं. म्हणून तो बिनदिक्कत पास म्हणतो. पुढे हा शाफ्ट बेअरिंगमध्ये बसला की आवाज करायला लागतो, तोवर तो आपल्या गेटबाहेर गेलेला असतो. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हे मी वाचलेलं होतं. पण रात्री पावणेतीनला, झोपेने डोळे जड झालेले असताना, फक्त चाकाचा आवाज बदललेला कानाला लागला म्हणून जॉब बाजूला काढणारा माणूस पुस्तकात भेटत नाही. पास होणारा माल अडवून अण्णांना काय मिळणार होतं? त्यांच्या पाळीचं प्रॉडक्शन कमी दिसणार, सुपरवायझर दोन शब्द सुनावणार. तरी ते थांबले. त्या दिवशी त्यांची बस चुकली.

मी त्या लॉटला लाल पट्टी लावली. डिस्पॅचवाले माझ्या साहेबांकडे गेले. साहेबांनी मला बोलावून एकच विचारलं, "तू स्वतः सुई हलताना बघितलीस?" मी हो म्हटलं. "मग थांबव." मालाची गाडी त्या दिवशी अर्धी रिकामी गेली. नेतृत्व या विषयावर पुढे मी बरंच वाचलं, ऐकलं, स्वतःही बोलले. त्या दोन शब्दांपुढे जाणारं फारसं काही सापडलं नाही. अण्णांपासून साहेबांपर्यंत एक वाट होती आणि त्या वाटेवर वाईट बातमीला कुणी अडवलं नाही.

वर गेल्यावर जे बघितलं ते याच्या उलट होतं, आणि त्यात वाईट माणूस कुणीच नव्हता. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण बाहेरच्यांना वाटतं की मोठ्या कंपन्यांत लोक खोटे रिपोर्ट करतात. तसं क्वचितच होतं. होतं ते असं. दर महिन्याच्या रिव्ह्यूला एक तक्ता असतो, प्रत्येक ओळीपुढे लाल, पिवळा किंवा हिरवा चौकोन. लाईनचा सुपरवायझर चौकोन लाल करतो. विभागप्रमुखाला वाटतं, आठवडाअखेर रिकव्हर करू, उगाच साहेबांच्या डोक्याला ताप कशाला; तो पिवळा करतो. प्लँट हेडकडे अ‍ॅक्शन प्लॅन तयार असतो, प्लॅन आहे म्हणजे प्रश्न सुटल्यात जमा. तो हिरवा करतो. तिघांनीही आपापल्या परीने जबाबदारीच घेतलेली असते. माझ्यापुढे येतो तो हिरवा चौकोन. आणि त्या हिरव्याखाली कुणीतरी पाळी संपल्यावर डबा हातात धरून थांबलेलं असतं, ज्याचं ऐकायला कुणी आलेलं नसतं.

जपान्यांनी यावर उपाय म्हणून दोरी दिली. टोयोटाच्या कारखान्यात लाईनवरच्या कुठल्याही कामगाराला काही बिघडलंय असं वाटलं तर तो दोरी ओढतो, वरचा दिवा पेटतो, टीम लीडर धावत येतो आणि ठरलेल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाईन थांबते. या विचाराचं मूळ मोटारींत नाही, मागात आहे. साकिची टोयोडांनी असा माग बनवला होता की सूत तुटलं की तो आपोआप थांबेल. खराब कापड विणत राहण्यापेक्षा थांबणं बरं. पुण्याच्या पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांत आज तो दिवा दिसतो, आमच्याकडेही होता. दिवा बसवायला फार खर्च येत नाही. खर्च पुढे असतो: दोरी ओढणाऱ्याकडे पहिल्यांदा कोण येतं आणि येऊन काय म्हणतं. "काय झालं?" म्हणतं की "कुणी ओढली?" म्हणतं. दुसरा प्रश्न दोनदा विचारला गेला की दोरी नुसती लोंबत राहते. ज्या कंत्राटी मुलाला ठेकेदार उद्यापासून येऊ नकोस म्हणू शकतो, त्याने ती ओढावी अशी अपेक्षा तरी कशी करायची? आणि आता लाईनवर निम्म्याहून अधिक हात त्याच मुलांचे असलेले कारखाने मी पाहिलेत. ऑर्गनायझेशन चार्टवर ती मुलं कुठेच नसतात. चार्टच्या सगळ्यात खालच्या चौकोनाच्याही खाली ती उभी असतात. नेतृत्वावर बोलताना आपण नेमके कुणाचे नेते आहोत हे आधी ठरवायला हवं, असं मला फार वाटतं.

पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाला रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट माहीत असते. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला तो ३० ऑगस्ट १७७३ ला. त्या खुनासाठी खुद्द रघुनाथरावांना दोषी ठरवून, या पापाला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही असं त्यांच्या तोंडावर सांगून न्यायाधीश पुणं सोडून गेले. शाळेत ही गोष्ट बाणेदारपणाचा धडा म्हणून शिकवतात, आणि ती तशी आहेच. पण त्याच रामशास्त्र्यांची आधीची एक गोष्ट सांगितली जाते, ती मला अलीकडे जास्त आठवते. थोरले माधवराव पेशवे जपजाप्यात फार वेळ घालवायला लागले होते. शास्त्रीबुवा कामासाठी गेले तर पेशवे ध्यानाला बसलेले. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी काशीला जायची परवानगी मागितली. ब्राह्मण म्हणून स्नानसंध्याच करायची असेल तर आपण दोघेही गंगेकाठी जाऊ. राज्य करायचं असेल तर रयतेचं काम हाच धर्म, असं त्यांचं म्हणणं. माधवरावांनी ते ऐकलं आणि तो नेम सोडला.

न्यायाधीश तोच, जीभ तीच. एका पेशव्याने ऐकलं, तेव्हा तो कामावर राहिला. दुसऱ्याच्या कारकिर्दीत त्याला शहर सोडावं लागलं. आपण नेहमी बोलणाऱ्याचं धैर्य मोजतो. मला वाटतं, ऐकणाऱ्याचं जास्त मोजायला हवं. सोळाव्या वर्षी पेशवेपदावर बसलेला मुलगा, पानिपताचा घाव ओला असताना राज्य सावरतोय, आणि त्याच्या दरबारात त्याचाच न्यायाधीश त्याला तुम्ही चुकताय असं म्हणू शकतो. माधवरावांच्या लढाया आणि मसलती आपण वाचतो, पण त्यांच्या राज्यकारभाराचं मोठेपण मला या एका प्रसंगात दिसतं. ते अठराव्या शतकातलं असलं तरी सोमवारच्या सकाळच्या मीटिंगला तसंच्या तसं लागू होतं.

मी नोकरी का सोडली, असं लोक अजून विचारतात. भांडण झालं नव्हतं, कुणी काढलं नव्हतं, तब्येत ठणठणीत आहे. मला पुन्हा सुई हलताना बघायची होती, एवढंच खरं उत्तर आहे. कामापासून इतकं दूर बसून कामाबद्दलचे निर्णय घेणं मला पटेनासं झालं होतं. सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांबद्दल फार लिहीत नाही. फोन शांत होतो, दिवाळीच्या भेटी येत नाहीत, सकाळी सहाला जाग येते आणि चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत अडकायचं नसतं. हे सगळ्यांचं सारखंच असतं आणि ते सरतं.

सरत नाही तो दुसरा प्रश्न, "आता पुढे काय?" सोसायटीतल्या काकू विचारतात, जुने सहकारी विचारतात, मुलगी फोनवरून विचारते. त्यात काळजी असते. पण त्या प्रश्नामागे एक समज आहे: आधी माणूस मोकळा होतो, मग बसून विचार करतो, मग त्याला जगण्याचा हेतू सापडतो आणि मग तो कामाला लागतो. माझ्या घरापासून चालत जाता येईल अशा कर्वेनगरकडे बघितलं की हा क्रम मला साफ उलटा वाटतो.

टिळक १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. फर्ग्युसनमध्ये गणिताची जागा रिकामी झाली, आणि गोखल्यांनी मुंबईत शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांना बोलावून घेतलं. १८९१ मध्ये अण्णासाहेब पुण्यात आले. म्हणजे एकाच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या जागेने पुण्याला कर्वे मिळाले. ते १९१४ पर्यंत गणित शिकवत राहिले. पण १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं होतं, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला होता, तो पुढे हिंगण्याच्या माळावर, म्हणजे आजच्या कर्वेनगरला, नेला होता. नोकरी आणि आश्रम, दोन्ही एकाच आयुष्यात, एकाच दिवसात. कॉलेज सुटलं तेव्हा त्यांना हेतू शोधायला लागला नाही, तो हिंगण्याला त्यांची वाटच बघत होता. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न होतं. आमच्या कारखान्यात बरोबर त्या वयाला शाल, नारळ आणि गेटपर्यंत निरोप मिळतो.

गोखल्यांनीही १९०२ मध्ये फर्ग्युसन सोडलं. १२ जून १९०५ ला कॉलेजमागच्या टेकडीवर तीन सहकाऱ्यांसह त्यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची शपथ घेतली. सात कलमांची शपथ आहे ती. देश आधी, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही, अशी मोठी कलमं आहेत. आणि सहावं कलम आहे, कुणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही. टेकडीवर फिरायला गेले की या सहाव्या कलमापाशी माझं मन थांबतं. ज्याने माणसांबरोबर काम केलंय त्यालाच असलं कलम सुचतं. संस्था ध्येय मोठं असूनही मोडतात, अन् कशामुळे मोडतात ते त्या माणसाला पुरतं ठाऊक होतं.

या थोरांच्या रांगेत मला कुठे बसायचं नाही. मला त्यांच्याकडून एक गोष्ट घ्यायची होती: ज्यांचं देणं लागतो ती माणसं आधी ठरवायची. मला ती माहीत होती. भोसरीत दहा-पंधरा माणसांची शेकडो वर्कशॉप आहेत, मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करणारी. तिथल्या मुला-मुलींना मशीन चालवायला शिकवतात, मोजायला कुणी बसवून शिकवत नाही. ओळखीच्या एका लघुउद्योजकाने त्याच्या शेडचा पोटमाळा दिला. एक सरफेस प्लेट, व्हर्नियर, मायक्रोमीटर, व्ही-ब्लॉक आणि डायल एवढ्या सामानावर वर्ग सुरू झाला.

तिथे मी काय शिकते आहे ते सांगण्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला बसले. वर्ग रविवारी ठेवला होता. मुलं येईनात. विचारलं तर सरळ सांगितलं, "मॅडम, रविवारी ओव्हरटाइम लागतो. डबल मिळतो. वर्गाला आलो तर तो जातो." ना माफी, ना सबब, ना 'बघतो मॅडम'. कारखान्यात माझ्या मीटिंगला कुणी आलं नाही असं कधी घडलं नव्हतं, कारण न येण्याची सोयच नव्हती. इथे ज्याला उपयोग वाटतो तो येतो, नाही वाटत तो जिना चढत नाही. वर्ग आता बुधवारी पाळी सुटल्यावर असतो.

तिथे एक मुलगी येते, मावळातल्या खेड्यातून आलेली, आयटीआय झालेली, ठेकेदाराकडून लागलेली. व्ही-ब्लॉकचा धडा झाला, तिने स्वतः तीन फुगीर जागा शोधून दाखवल्या, बाकीच्यांनी टाळ्याही वाजवल्या. मग ती म्हणाली, "हे सगळं बरोबर आहे मॅडम, पण आमच्याकडे चालणार नाही. आम्हाला एका जॉबला चाळीस सेकंद आहेत. डायल लावत बसले तर सुपरवायझर म्हणेल उद्यापासून पॅकिंगला बस."

वर्ग गप्प झाला. पूर्वी असं काही कानावर आलं असतं तर मी एक फोन केला असता आणि तो सुपरवायझर दुपारपर्यंत सरळ झाला असता. आता माझ्याकडे तो फोन नाही. मग आम्ही सगळे त्या चाळीस सेकंदांवर बसलो. प्रत्येक जॉब नको, पन्नासातला एक बघायचा. कधी? चाक ड्रेस केल्यानंतर, म्हणजे घासून ताजं केल्यानंतर, मशीन स्थिरावतं तेव्हा, नाहीतरी त्या वेळी हात मोकळे असतात. सापडलेला जॉब टाकायचा नाही, त्यावर वेळ घालून ठेवायचा. सुपरवायझरला "माल खराब आहे" असं म्हणायचं नाही, त्याच्यासमोर व्ही-ब्लॉकवर फिरवून दाखवायचा. सुई हलताना बघितली की माणूस वाद घालत नाही. हे शेवटचं मी सुचवलं. बाकीचं सगळं त्या मुलांनी काढलं, आणि माझ्या जुन्या कॉन्फरन्स रूममध्ये इतक्या कमी वेळात इतकं कामाचं क्वचितच निघालं असेल. दोन आठवड्यांनी ती मुलगी सांगत आली की सुपरवायझरने स्वतः डायल मागवून घेतला. पॅकिंगची धमकी मात्र अजून पुरती गेलेली नाही, तेही तिने सांगितलं. अर्धवट चांगली बातमी ती अर्धवट म्हणूनच सांगते, याचं मला फार मोल वाटतं.

मध्यंतरी एका कंपनीकडून स्वतंत्र संचालक होण्याबद्दल विचारणा झाली. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या मंडळावर किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात, असा २०१३ चा कंपनी कायदा आहे. त्याच कायद्यात आणखी एक चांगली तरतूद आहे: स्वतंत्र संचालकांनी वर्षातून एकदा तरी व्यवस्थापनातलं कुणीही खोलीत नसताना भेटायचं. कायदा लिहिणाऱ्यांना हे कळलेलं होतं की साहेब समोर असला की माणूस वेगळं बोलतो.

मी त्यांना म्हटलं, ही सोय मंडळापुरती नको, खालपर्यंत न्या. वर्षातून काही वेळा मला कुणाला बरोबर न घेता शॉप फ्लोअरवर जाऊ द्या, रात्रपाळीलासुद्धा, आणि कंत्राटी कामगारांशीही बोलू द्या. रात्रपाळीचं त्यांनी लगेच मान्य केलं. कंत्राटी कामगारांचं अडलं. ती माणसं ठेकेदाराच्या पगारपत्रकावर आहेत, संचालकांनी त्यांच्याशी थेट बोलणं अडचणीचं होईल, असं त्यांच्या कंपनी सेक्रेटरींचं मत पडलं. मी लिहून कळवलं की ज्या खोक्यावर तुमच्या कंपनीचं नाव छापलेलं आहे, त्यातला माल याच हातांनी बनवलेला आणि भरलेला आहे. त्यांचं ऐकायची वाट नसेल तर मला मंडळावर बसून जे कळेल ते अपुरं असेल, आणि अपुऱ्या माहितीवर मी सही करणार नाही. पुढच्या बैठकीत हा विषय घेतो, असं त्यांचं उत्तर आलंय. अध्यक्षांनी स्वतःहून एक विचारलं: भोसरीचा तो वर्ग बघायला बुधवारी येता येईल का? मी त्यांना वेळ कळवली आहे, आणि गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावावी लागेल हेही.